न मोजलेल्या विटा

सतराव्या पेटीला हात घातला आणि ती इतकी सहज उचलली गेली की मी मागच्या मागे कोलमडता कोलमडता वाचलो. मधाने भरलेली पेटी दोन माणसांना आवरत नाही. ही मी एकट्याने, कंबरेत उसण भरलेल्या माणसाने, रिकाम्या टोपलीसारखी उचलली होती. आतलं हाताला आधीच कळलं होतं, तरी मी झाकण काढलं. पोळं धरणाऱ्या दहा फ्रेमपैकी, म्हणजे लाकडी चौकटींपैकी, जेमतेम तीनवर माश्या होत्या. बाकीचं मेण कोरडं ठणठणीत.

"सतरा. ठीक आहे," मी म्हणालो आणि झाकण लावलं.

बायको माश्यांना धूर द्यायचं धुराडं घेऊन मागे उभी होती. तिने गोणपाटाचा तुकडा धुराड्यात कोंबला आणि विचारलं, "ठीक कशाने?"

"जिवंत आहे ना पेटी?"

"जिवंत तर मीपण आहे. म्हणून काय ठीक आहे का?"

मी अठरावीकडे वळलो. बायकोच्या असल्या बोलण्याला उत्तर देत बसलं तर एक्केचाळीस पेट्या बघून होत नाहीत.

त्या वर्षी पाऊस अर्ध्या जेवणातून उठून जावं तसा निघून गेला होता. मोहरी फुलली, पण फुलात रस नव्हता. सूर्यफूल गुडघ्याच्या वर गेलंच नाही. माश्या सकाळी निघायच्या आणि रिकाम्या परत यायच्या. माणूस रिकाम्या हाताने घरी आला तर निदान भांडी तरी आपटतो. माशी गुपचूप आत जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते. मी त्यांच्याकडे बघायचो आणि मला वाटायचं, हिंमत असावी तर अशी. आता वाटतं, माश्यांकडून शिकण्यासारखं दुसरंही बरंच होतं, ते मी शिकलो नाही.

आमच्या दाराच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्राचं एक अख्खं पान चार खिळ्यांनी ठोकलेलं होतं. त्यावर निळ्या शाईत काडी बुडवून मी लिहिलं होतं: शंभर पेट्या. अक्षरं वीतभर उंच. चार वर्षांपूर्वी मोठ्या गावात माशीवाल्यांची सभा भरली होती. तिथे एका कोटवाल्या माणसाने भाषण केलं. म्हणाला, ध्येय कागदावर लिहा, रोज उठल्यावर दिसेल असं लावा आणि मोठ्याने वाचा. संकटं येतील, आकडा सोडू नका. त्या माणसाला माशी चावली असती तर तो टेबलावर चढला असता, पण बोलला झकास. मी घरी आलो आणि चहाही न घेता कागद शोधला.

तेव्हापासून रोज सकाळी चूळ भरली की मी दारापुढे उभा राहून वाचायचो, "शंभर पेट्या!" पहिल्या दिवशी बायकोच्या हातातला तांब्या पडला. पुढे तिला सवय झाली. गावातही बातमी गेली आणि माझं नावच 'शंभर' पडलं. न्हावी वस्तरा परजत विचारायचा, "काय शंभर, कुठवर आलं?" मी सांगायचो, सत्तावीस, चौतीस, एक्केचाळीस. लोक हसायचे, पण मला ते आवडायचं. हसणाऱ्यालासुद्धा आकडा विचारावासा वाटतो, एवढं तरी माझ्यात काही आहे, असं वाटायचं.

माश्यांचं मी जे काही शिकलो ते दादाकडून. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. टेकडीपलीकडे तळ्याच्या काठाला तो आणि वहिनी राहतात. माशी सरळ उडाली तर एक कोस, आपण रस्त्याने गेलो तर दोन. पाच वर्षांपूर्वी मी त्याच्यातून वेगळा झालो. भांडण नव्हतं. मला माझं स्वतःचं करायचं होतं, एवढंच. दादा म्हणाला, "चोवीस आहेत. बारा तू निवड." मी झाकणं काढून काढून, राणी बघून, वजन बघून बारा निवडल्या. तो शेजारी धुराडं धरून उभा होता. चांगल्या सगळ्या माझ्याकडे आल्या हे त्याला दिसत होतं. तरी त्याने माझ्या पेट्या दोरीने बांधून दिल्या.

आणि एक पेटी बायकोची होती. ती माझ्या मोजणीत नव्हती. दोन वर्षांपूर्वी हापशाजवळच्या झाडावर माश्यांचा थवा येऊन लटकला. मी घरी नव्हतो. तिने डोक्याला ओढणी गुंडाळली, टोपली खाली धरली, फांदी हलवली आणि थवा घरी आणला. जुन्या पेटीला खिडकीचा उरलेला हिरवा रंग दिला. मी म्हणालो, "वा! एक वाढली." ती म्हणाली, "तुमची नाही वाढली. ही माझी." ती पेटी मोरीच्या भिंतीशी, सांडपाण्यावर वाढलेल्या झुडपांजवळ होती. दहाच्या दहा फ्रेम माश्यांनी काळ्या. ती म्हणायची, "तुम्हाला शंभर हव्यात. मला एक हवी, पण भरलेली."

त्या दिवशी एक्केचाळीस पेट्या बघून झाल्यावर आम्ही पायरीवर बसलो. तिने टोपीची जाळी मागे टाकली, घाम पुसला आणि म्हणाली, "अहो, जोडून टाका आता."

जोडणं म्हणजे दोन दुबळ्या पेट्यांची एक करायची. दोनातली एक राणी मारावी लागते. एका पेटीत दोन राण्या नांदत नाहीत. मग एका पेटीवर दुसरी ठेवायची, मध्ये वर्तमानपत्राचा कागद. एकदम एकत्र केल्या तर परक्या वासाच्या माश्या एकमेकींना मारतात. कागद असला की दोन्हीकडून कुरतडत बसतात, आणि तीन-चार दिवसांनी कागद संपतो तोवर वास एक झालेला असतो. दादाच्या हाताखाली असताना मी हे चाळीस वेळा केलं असेल.

"एक्केचाळीसच्या वीस करू?" मी म्हणालो.

"एकवीस. आणि जगतील तरी."

"चार वर्षं घासून इथवर आलो ते मागे जायला?"

"एक ना धड भाराभर चिंध्या झाल्यात त्या. तीन-तीन फ्रेमच्या माश्या काय करणार आहेत? अंडी राखतील की दार राखतील?"

"फुलोरा येईल. एक सर पडली की येईल."

"आणि नाही पडली तर?"

"तू ना, सुरुवातच नकारापासून करतेस," मी म्हणालो. हे वाक्य कोटवाल्याचं होतं. ती उठली आणि धुराड्यातली राख झाडायला गेली. तिने त्या दिवशी माझ्याशी भांडायला हवं होतं, असं मी पुढे कितीदा मनात म्हटलं. पण तिने का म्हणून भांडावं? ऐकणार मीच नव्हतो.

आकडा राखायचा तर दुबळ्या पेट्यांत माश्या वाढायला हव्यात. माश्या वाढायला अंडी-अळ्यांनी भरलेल्या फ्रेम हव्यात. तशा फ्रेम आख्ख्या अंगणात एकाच पेटीत होत्या. बायको दुपारी हापशावर पाण्याला जायची. नंबर लागायला तासभर तरी लागायचा. पहिल्या दुपारी मी हिरव्या पेटीतली एक फ्रेम काढली आणि सतराव्या पेटीत घातली. तिच्या जागी रिकामी फ्रेम सरकवली. एकच तर, असं मनाशी म्हटलं. पुढच्या आठवड्यात एक तेविसाव्या पेटीला, मग एक एकतिसावीला. भरल्या घरातलं लेकरू उचलून उपाशी घरात नेऊन ठेवायचं, तसला उद्योग. लेकरू तिथेही उपाशीच राहणार, हे मला कळत नव्हतं असं नाही.

पाचव्या फ्रेमच्या दिवशी हापशाचा दांडा मोडला. ती कळशी रिकामीच घेऊन परत आली तेव्हा तिच्या पेटीचं झाकण माझ्या हातात होतं.

तिने कळशी खाली ठेवली. जवळ येऊन पेटीत वाकून बघितलं. बोटाने एकेक फ्रेम मोजली.

"किती नेल्यात?"

"चार. ही पाचवी."

"विचारलं नाहीत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच विचारलं नाहीत." तिने माझ्या हातातून झाकण घेतलं, पेटीवर नीट बसवलं, वर दगड ठेवला. आवाज चढवला नाही. "हातातली तेवढी घेऊन जा आता. उघड्यावर अळ्या मरतील."

ती फ्रेम घेऊन मी अंगण ओलांडलं. चोवीस पावलांचं अंगण, पण ती चाल मला अजून आठवते. मागे वळून बघायची छाती झाली नाही.

त्याच दिवसांत दूधवाल्याने दादाचा निरोप आणला. कॅन गाडीवरून उतरवता उतरवता म्हणाला, "तुमचा दादा म्हणतोय, एकदा येऊन जा. बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

"ते नाही सांगितलं. मी दूध पोचवतो, बोलणं नाही."

मला ठाऊक होतं काय असणार. जोड म्हणणार. वीसवर ये म्हणणार. मी सांगितलं, सवड झाली की येतो म्हणावं. आठ दिवसांनी पुन्हा तोच निरोप आला आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. सवड काय, दिवसभर पेट्यांमधून फिरत बसण्यापलीकडे मी करत काय होतो?

चैत-वैशाखाचं ऊन पडलं. दगडावर पाय ठरेना. माश्या पेटीच्या तोंडाशी येऊन नुसत्या बसायच्या, पंखांची धार गेल्यासारख्या. मी साखरेचा पाक केला. दादाचा नियम होता: पाक द्यायचा तो दिवस मावळल्यावर, आणि जमिनीवर थेंब सांडता कामा नये. दिवसा पाकाचा वास सुटला की दुसरीकडच्या माश्या लुटायला येतात, आणि दुबळी पेटी दार राखू शकत नाही. हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण त्या सकाळी सतराव्या पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा मूठभर ढीग होता. त्यांना संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवायचं माझ्याच्याने होईना. दहाच्या उन्हात मी पाकाची पातेली घेऊन निघालो. घाईत दोन ठिकाणी सांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात असा आवाज झाला की बायको मोरीतून धावत बाहेर आली. सतरा, अठरा, एकोणीस या पेट्यांवर माश्यांचा लोंढा तुटून पडला होता. दारात कुस्ती चालली होती. दोन-दोन माश्या एकमेकींना धरून जमिनीवर गरगरत होत्या. आम्ही पेट्यांची तोंडं गवताने बुजवली, ओली पोती टाकली. लोंढा पुढच्या पेट्यांवर सरकला.

"या आपल्या नाहीत," मी म्हणालो. "चकचकीत आहेत. पोट भरलेल्या."

बायकोलाही सुचलं असणार. टेकडीच्या बाजूने येत होत्या आणि तिकडेच जात होत्या.

पीठ टाकून माग काढायची युक्तीही दादानेच शिकवलेली. लुटणाऱ्या माश्यांवर पीठ भुरभुरायचं आणि पांढऱ्या माश्या कुठल्या पेटीत शिरतात ते जाऊन बघायचं. मी बायकोला म्हणालो, "उद्या अकरा वाजले की चाळणीने पीठ टाकायला सुरुवात कर. मी तिकडे जाऊन उभा राहतो."

"भाऊजींच्या दारात?"

"हो."

"चोर पकडायला?"

"माग काढायला."

"मला नाही हे करावंसं वाटत," ती म्हणाली. पण केलं तिनेच. माझी हौस फेडायला तिला नेहमी हातात काहीतरी धरून उभं राहावं लागायचं. कधी धुराडं, कधी चाळणी.

अकराला मी दादाच्या कुंपणाबाहेर सायकल टेकवून उभा होतो. आत गेलो नाही. दादा पेट्यांमध्ये वाकून काम करत होता. त्याने मला पाहिलं, सरळ झाला, हाताने ये म्हणाला. मी मान हलवली. तो गोंधळून बघत राहिला. मग दहाएक मिनिटांनी पहिली पांढरी माशी आली. तिच्या मागे दुसरी. मग चांगल्या वीस-पंचवीस, पिठात लोळून आल्यासारख्या, त्याच्या पेट्यांत शिरल्या.

दादाने एक माशी बोटावर घेतली, पीठ बघितलं आणि कुंपणाशी आला.

"पीठ चांगलं बारीक दळलंय," तो म्हणाला. "खायला ठेवलंय ना घरात?"

मला हसू आलं नाही. "तुझ्या माश्यांनी माझ्या तीन पेट्या लुटल्या."

"दिवसा पाक दिलास?"

"नाही."

एवढा एक शब्द. माझ्या आयुष्यात मी दादाशी खोटं बोललो ते तेवढंच. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. त्याला कळलं हे मलाही कळलं, आणि त्याचाच मला राग आला.

"बरं," तो म्हणाला. "चूक कुणाची ते राहू दे. दार राखायला माणूसच नसेल तर घरात कोणीही शिरणार. जोड कर आधी. वीस कर. आणि मग..."

"म्हणजे माझ्या वीस होऊ देत आणि तू पुढे जा."

"मी कुठे जातो?"

तेवढ्यात मला ते दिसलं. तळ्याच्या काठाला, निलगिरीच्या सावलीत, विटांचे नवे ओटे मांडले होते. चार विटा आणि वर फळी, पुन्हा चार विटा आणि वर फळी. पेट्या ठेवायच्या बैठका. पार पाण्याच्या वळणापर्यंत ओळी गेल्या होत्या. झाडांवर फुलं होती. आख्ख्या मुलखात ओलावा होता तो तेवढ्यात.

"हे कुठे?" मी बोट दाखवलं. "माझा मध आणून इथे पेट्या वाढवणार आहेस होय? म्हणून निरोप धाडत होतास? माझ्या मोडीत किती निघतात ते विचारायला?"

दादाने वळून ओट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचं तोंड उघडलं होतं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"पाणी प्या भाऊजी. उन्हातून आलात."

"तहान नाही," मी म्हणालो. घसा वाळून गेला होता. मी सायकल वळवली. दादा पाठीमागून म्हणाला, "अरे, ऐक तर." मी ऐकलं नाही. चढावर सायकल हातात धरून चालताना मागे कोणी येतंय का, याची चाहूल मात्र घेत होतो.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, पण सांगितले पाहिजेत. लुटलेल्या पेट्यांत मेणातली अळी पडली. फ्रेम उचलली की जाळ्यासकट लोळ हातात यायचा आणि जाड पांढऱ्या अळ्या मनगटावरून चालायच्या. तसल्या फ्रेम ठेवून चालत नाही. मागच्या बाजूला खड्डा काढला आणि मी त्या जाळू लागलो. मेण चांगलं पेटतं. चार वर्षांचं काम एकेका दुपारी दहा-दहा फ्रेमने जात होतं. एकतीस राहिल्या. मग बावीस. तेव्हाही जोडल्या असत्या तर दहा वाचल्या असत्या. बायको एकदाच म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही." मी म्हणालो, "येतील वर." मग चौदा. मग मुंग्या लागल्या आणि नऊ.

न्हाव्याच्या दुकानात लोक आधी हसायचे. "काय शंभर, उतरत्या भाजणीने का आता?" मी बसून हजामत करून घ्यायचो. एक दिवस गेलो तर न्हावी नुसता "बसा" म्हणाला. आकडा विचारलाच नाही. आरशात मागची दोन माणसं माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली. हसत होते तोवर त्यांना माझं काहीतरी होईल असं वाटत होतं, हे मला तेव्हा उमगलं.

दुसऱ्या सकाळी मी चूळ भरली आणि दारापुढून तसाच पुढे गेलो.

"आज वाचलं नाहीत?" बायको म्हणाली.

"दिसतंय की."

ती म्हणाली, "मला सवय झाली होती." एवढ्या दिवसांत ती माझ्यासाठी वाईट वाटून बोलली ते एवढंच, आणि तेही मला सोसलं नाही. मी मागे जाऊन खड्ड्यातली राख उगाच उकरत बसलो.

मृग लागायच्या सुमाराला दोन पेट्या उरल्या. एक माझी, सहावी. दादाकडून निवडून आणलेल्या बारांतली. आणि एक तिची हिरवी. मी पाच फ्रेम नेल्या नसत्या तर ती भरलेली राहिली असती. आता तिच्यातही चार फ्रेमपुरत्याच माश्या होत्या.

"जोडूया," मी म्हणालो.

"कोणत्या कोणत्या?"

"आहेतच किती?"

पेटी एकदम उचलून दुसरीकडे ठेवली तर माश्या जुन्या जागी परत येऊन भिरभिरतात. रोज हातभर सरकवावी लागते. माझी पेटी अंगणाच्या त्या टोकाला होती. रोज सूर्य मावळला की आम्ही दोघं ती दोन्हीकडून धरायचो आणि हातभर तिच्या पेटीकडे सरकवायचो. उचलायला एक माणूस पुरला असता. तरी ती रोज येऊन दुसरी बाजू धरायची. वाटेतल्या रिकाम्या बैठका मी एकेक काढून टाकत होतो. सगळं अंगण ओलांडायला महिना गेला. त्या महिन्यात मी तिला म्हणालो, "तुझ्या फ्रेम मी न्यायला नको होत्या." ती म्हणाली, "नको होत्या." आणि पेटी सरकवली.

राणी मारायची वेळ आली तेव्हा तिने विचारलं, "कोणती?"

"तुझी तरणी आहे. माझी मारतो."

माझी राणी दादाच्या राणीच्या वंशातली. मी तिला चिमटीत धरली. फार हलकी असते. एका बोटाचं काम. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वीस वेळा हे करायचं धैर्य झालं असतं तर आज एकवीस पेट्या उभ्या असत्या. मी तेव्हा त्याला हार म्हणत होतो. बोट दाबलं आणि मला रडू आलं. बायको दुसरीकडे बघत उभी राहिली.

"कागद?" तिने विचारलं.

आमच्याकडे वर्तमानपत्र येत नाही. घरात कागद एकच होता. मी आत जाऊन चार खिळे उपटले.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "दूधवाल्याकडून आणते उद्या दुसरा."

"नको. हाच मापाचा आहे."

तिने सुईने कागदाला बारीक भोकं पाडली, म्हणजे माश्यांना कुरतडायला सोपं जातं. अक्षरांवरून सुई नेताना ती जरा थांबली आणि मग तिथेही टोचली. हिरव्या पेटीवर कागद पसरला, वर माझी पेटी ठेवली.

चौथ्या सकाळी पेटीच्या तोंडासमोर कागदाचा भुगा पडला होता. माश्या एकेक कण तोंडात धरून बाहेर आणत होत्या आणि टाकत होत्या. पांढऱ्या भुग्यात निळे ठिपके होते. वरची पेटी उचलली तर फक्त कडेची पट्टी शिल्लक होती. मधला सगळा कागद गेला होता आणि माश्या वरखाली येजा करत होत्या. सगळ्या फ्रेम खाली घेतल्या. आठ फ्रेम भरल्या. झाकण ठेवताना बायको म्हणाली, "जड झाली हो." तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी तसा लागला.

पण पाऊस अजून आला नव्हता. फुलं कुठेच नव्हती, तळ्याकाठाशिवाय.

"आता तरी चला," ती म्हणाली.

पहाटे दूधवाल्याच्या गाडीत, कॅनच्या मधोमध, पेटीचं तोंड जाळीने बंद करून आम्ही निघालो. उतरताना दूधवाला म्हणाला, "दोनदा निरोप दिला होता मी," आणि पेटी उतरवायला हात लावला.

दादा कुंपणाशी आला. माझी हजामत वाढलेली, डोळे खाली. त्याने पेटीची एक बाजू धरली.

"एकच?"

"एकच. तीही हिची."

"चल," तो म्हणाला.

निलगिरीच्या सावलीत ओटे तसेच होते. एकावरही पेटी नव्हती. मला वाटलं होतं, आतापर्यंत भरले असतील. मी पेटी धरून चालता चालता मोजायला लागलो, जुनी खोड. पहिली ओळ चौदा. दुसरी चौदा. तिसरी तेरा. मी पुन्हा मोजलं. सगळं मोजणारा मी, त्या दिवशी कुंपणाशी उभा राहून एवढंच मोजायचं राहिलं होतं.

"दादा, हे एक्केचाळीस आहेत."

"तेवढ्याच होत्या ना तुझ्या?"

माझ्या हातातली बाजू खाली आली. बायकोने पुढे होऊन पेटी सावरली.

"कधी मांडलेस?"

"पहिला निरोप धाडला त्याच्या आदल्या दिवशी. म्हटलं, उन्हाळाभर राहतील इथे. तुझ्या तुला, माझ्या मला."

"मग सांगायचंस ना!"

"निरोप्याच्या तोंडी हे सांगितलं असतं तर तू आला असतास? म्हणून ये म्हटलं. आलास, तर पीठ लावून आलास." दादा हसला, पण डोळ्यांनी नाही. "नंतर मीपण आलो नाही. यायला हवं होतं. मलाही अंगात आलं होतं जरा."

आम्ही पेटी पहिल्या ओट्यावर ठेवली. मी शेवटच्याकडे नेत होतो; बायको म्हणाली, "पहिल्यावर." दादाने जाळी काढली. माश्या बाहेर आल्या, पेटीसमोर वर-खाली घिरट्या घालत जागा ओळखून घेऊ लागल्या, आणि एकेक करून झाडात शिरल्या. दादा म्हणाला, "दीड-दोन महिन्यांत दहाही भरतील. मग फोडता येईल. एकीच्या दोन."

मी मान हलवली. दोनाच्या पुढे मनाला जाऊ दिलं नाही.

वहिनी खराटा घेऊन आल्या आणि दुसऱ्या ओट्यावरची निलगिरीची पानं झाडायला लागल्या. फळ्या सगळ्या लख्ख होत्या. झाडाखाली इतकी पानं पडत होती आणि ओट्यांवर त्या सकाळची तेवढी होती.

"वहिनी, हे रोज झाडता?"

"झाडते की. म्हटलं, भाऊजी कधी पेट्या घेऊन येतील नेम नाही. आल्यावर ओटे घाण नकोत."

मी पुढे होऊन त्यांच्या हातातला खराटा घेतला.

"अहो, राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "आता कशाला? तिथे काही ठेवायचं नाही."

"नाही," मी म्हणालो, आणि दुसऱ्या ओट्यापासून झाडायला सुरुवात केली.